गुडघे टेकायला लावणारा हब

तो ट्रक केवढा होता म्हणाल, तर चालू केला की शेजारच्यांच्या घड्याळातले काटे पुढे सरकायचे. लष्कराने मोडीत काढलेला, रंग उडालेला, पण अंगाने रेडा. जंगलातून ओंडके ओढायला असाच हवा, म्हणून वहिनीने तो लिलावात घेतला आणि गॅरेजात आणून उभा केला. तिथेच तिची आणि दिराची जुंपली.

दीर तिनेच वाढवलेला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शेंबडा होता. पुढे नवरा गेला आणि घरात ही दोघंच उरली, एक गॅरेज आणि दोन जिभा.

भांडण डिफरन्शियलचं. म्हणजे मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा. साधा असला तर चिखलात एक चाक नुसतं गरगरतं आणि दुसरं मख्खासारखं बघत बसतं. म्हणून लॉकवाला बसवायचा, चाकांना एकमेकांशी बांधून टाकणारा. दुकानात दोन प्रकार होते. एक हवेच्या नळीवरचा, बटण दाबलं की गुपचूप लागणारा. दुसरा आपोआप लागणारा, पण वळणावर असा 'ठो' वाजायचा की बंदुकीनेही लाजावं.

"हवेचाच घ्या वहिनी," दीर म्हणाला. "सभ्य माणसांचा आहे तो."

"नळी फुटली की गेला सभ्यपणा. मला हा बोंबलणारा आवडला."

"हा आवाज एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, सांगून ठेवतो."

"तुमच्या घोरण्याने अजून कुणी मेलं नाही भावजी, याने काय मरतंय!"

पुढच्या चाकांचंही तेच. तिला हाताने फिरवायचे हब हवे होते. चाकाच्या बेंबीवरची चकती फिरवली की चाकाला इंजिनाचा जोर मिळतो, उलटी फिरवली की चाक मोकळं. मोकळं असलं की रस्त्यावर टायर झिजत नाही, ट्रक डिझेलही कमी पितो.

"आणि दर वेळी खाली उतरून चाकापुढे गुडघे कोण टेकणार?" दीर फणकारला. "मी नाही हो. मी देवालासुद्धा उभ्यानेच नमस्कार करतो."

पाना वहिनीच्या हातात होता, त्यामुळे दोन्ही गोष्टी तिच्याच मनासारख्या झाल्या.

पहिल्याच खेपेला ओंडके लादून परतताना जंगलातल्या रस्त्यात एक जीप आडवी लागली. अ‍ॅक्सल मोडलेला. शेजारी तिचा ड्रायव्हर पडलेला, गळा चिरलेला, माशा घोंगावणाऱ्या. झाडामागून दोन दरोडेखोर निघाले, एक मेहुणा आणि एक त्याचा दाजी. दीर "काय झालं हो?" विचारायला उतरला, तर मेहुण्याने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. दात शेंगदाण्यांसारखे रस्ताभर सांडले. मग त्याला मागे ओंडक्याला करकचून बांधलं आणि मेहुणा बंदूक घेऊन त्याच्यापाशी बसला. दाजी पुढे चढला आणि त्याने स्टिअरिंगवर बसलेल्या वहिनीच्या बरगडीत पिस्तूल रुतवलं.

"दलदलीपलीकडे सोड आम्हाला. मग तुम्ही मोकळे."

"त्या ड्रायव्हरलाही असंच म्हणाला होतात?"

"तो फार बोलायचा."

वहिनी काय समजायचं ते समजली. दलदल ओलांडली की आधी भावजींचा गळा, मग आपला. म्हणजे काय ते अलीकडेच उरकायला हवं.

पहिलं वळण आलं. ठो!

"दाजी, गोळीबार!" मागून मेहुणा किंचाळला आणि त्याने झाडांवर अशा गोळ्या झाडल्या की कावळे आधी पडले आणि मग ओरडले.

"कोण आहे मागे?" दाजीने दरडावलं.

"पोलीस असतील," वहिनी म्हणाली, आणि नसलेलं वळणही घेतलं. ठो! पुन्हा ठो! धुळीचा लोट उठला. दाजीने बघायला खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. मेहुण्याला धुरळ्यात एक डोकं दिसलं, कुणाचं ते विचारायला वेळ कुणाला? त्याने गोळी घातली. दाजीचा कान रस्त्यावरच राहिला, ट्रक पुढे गेला.

डोळ्यांत रक्त, तशातच दाजीने मागे पिस्तूल रोखलं आणि दिसेल त्या सावलीवर झाडलं.

"दाजी, मी हो!" मेहुणा म्हणाला. त्याच्या छातीला भोक पडलं होतं.

"आता सांगतोस?"

मेहुणा ट्रकवरून घरंगळला आणि दगडावर डोकं आपटून कलिंगडासारखा फुटला. दाजीने टाहो फोडला. "आता बायकोला काय तोंड दाखवू!"

"तोंड आहे की," वहिनी म्हणाली. "कान तेवढा नाही."

ही जीभ तिला महागात पडली. दाजीने पिस्तूल उलटं धरून दस्त्याने तिचा उजवा हात स्टिअरिंगवरच ठेचला. बोटं वाळक्या काटक्यांसारखी मोडली. ती ओरडली नाही, नुसता ओठ चावला, तो फाटला.

मग दलदल लागली. मागची चाकं एकजुटीने फिरली आणि एकजुटीने खाली रुतली.

"पुढची मोकळी आहेत," वहिनी म्हणाली. "उतरून हब फिरवावे लागतील."

"मग फिरव."

तिने लोंबणारी बोटं त्याच्या नाकासमोर धरली. "तुम्हीच मोडलीत ना? आता तुम्हीच उतरा."

"किल्ली दे."

"लष्करी ट्रकला किल्ली नसते. लढाईत कोण शोधत बसणार?"

"इंजिन बंद कर."

"करते. बॅटरी बसली आहे, मग धक्का तुम्ही मारणार?"

दाजी शिव्या घालत उतरला. "हललीस तर मागच्याला आधी मारीन." त्याने डावा हब लावला आणि वळसा घालून उजव्या चाकापाशी, तिच्या खिडकीखाली आला. तोवर तिने छातीने आणि कोपराने स्टिअरिंग पार उजवीकडे दाबून ठेवलं होतं.

"चाक वळवून ठेवलंय, फिरवायला सोपं जाईल."

हब कडक होता. एका हाताने ढिम्म हलेना. शेवटी त्याने पिस्तूल दातांत धरलं, चिखलात गुडघे टेकले आणि दोन्ही हात लावले. हा हब लागल्याशिवाय ट्रक हलणार नाही, एवढं त्याला कळलं होतं. लागला की हलेल, हे डोक्यात शिरायला एक कान कमी पडला.

टक्.

वहिनीने क्लच सोडला. पुढची चाकं चिखल ओरबाडत निघाली. ट्रकाचं नाक उजवीकडे वळलं आणि मागचं सगळं धूड आतल्या बाजूने दाजीवर आलं. त्याने गुडघे उपसायला बघितलं, पण गाळ सोडतोय कुठे? तोंडात पिस्तूल, त्यामुळे धड ओरडताही येईना. मागची चाकं त्याच्यावर चढली आणि त्याच क्षणी, ठो! हाडं वाजली की डिफरन्शियल, ते त्यालाच ठाऊक.

कोरड्या जमिनीवर आल्यावर वहिनीने डाव्या हाताने छिन्नी घेऊन दोर कापले. दिराचे ओठ भाकरीसारखे सुजले होते. शब्द फटींतून शीळ घालत बाहेर आले.

"म्हणालो होतो ना, हा आवाज जीव घेईल."

"घेतला की, दोघांचा. आता हब मोकळे करा, पुढे पक्का रस्ता आहे. टायर झिजतील."

"मी गुडघे..."

तिने ठेचलेला हात वर केला आणि पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसली. दीर मुकाट्याने उतरला. उजव्या हबवर चिखल होता, आणि आणखी काहीबाही होतं. त्याने ते बाहीने पुसलं, गुडघे टेकले, आणि एकदम हात आखडता घेऊन वर बघितलं.

"वहिनी, आधी इंजिन बंद करा."

तिने बंद केलं.

"पण बॅटरी बसली आहे ना?"

"छे हो," वहिनी म्हणाली. "नवीकोरी आहे."