कार्मेनला ऐकू येतं ते

ऑगस्ट २०२०. मेलबर्नमध्ये कडक लॉकडाऊन होता. वेरिबी उपनगरात राहणारी विनिता कामाचं परमिट घेऊन ओस पडलेल्या फ्रीवेने एका कारखान्याकडे निघाली होती. तिथे बाटल्यांची झाकणं बनत. विनिताची कंपनी जुन्या यंत्रांसाठी एक नवं उपकरण काढणार होती, बिघाड व्हायच्या आधीच सांगणारं. त्यात काय काय हवं, हे ठरवायचं काम तिचं. घरबसल्या तिने चौसष्ट मुद्दे लिहूनही काढले होते. आज फक्त उपकरणाचा सेन्सर तपासायचा आणि परतायचं.

निम्मेच कामगार येत होते, त्यामुळे आठही यंत्रं कार्मेन एकटी सांभाळत होती. माल्टाहून आलेली ही बाई एकतीस वर्षं तिथेच होती. विनिताने चार नंबरच्या यंत्राला सेन्सर चिकटवला. लॅपटॉपवर रेषा अगदी सरळ.

"सगळं ठीक आहे," विनिता म्हणाली.

"नाही, लव्ह." कार्मेनने खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "आतली एक गोळी गेलीय. हे काही गुरुवारपर्यंत टिकत नाही."

विनिताने कान लावला. नुसती घरघर! पण फिटरने बेअरिंग उघडलं, तर एका गोळीवर खसखशीएवढा खड्डा.

"तुला कळलं कसं?"

"बरं असताना कसं वाजतं, ते ठाऊक आहे. मग वेगळं काही वाजलं की कळतं."

घरी येऊन विनिताने चौसष्टातले पन्नास मुद्दे खोडले आणि सगळ्यात वर नवा मुद्दा लिहिला: 'एक मोठं बटण, हातमोजे न काढता दाबता येईल असं. ऑपरेटरला काही खटकलं की त्याने ते दाबावं. त्या वेळचा आवाज साठवला जाईल आणि उपकरण त्यावरून शिकेल.'

सिडनीहून तिचा मॅनेजर निनाद व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "अगं, 'खटकलं' ही काय रिक्वायरमेंट झाली?"

"तू तिथे नव्हतास, निनाद. आपल्या सेन्सरला जे कळलं नाही, ते तिला कळलं. हा मुद्दा मी काढणार नाही."

कुरकुरत का होईना, तो कबूल झाला. नोव्हेंबरात पहिला नमुना कारखान्यात बसला. महिन्याभरात कार्मेनने अकरा वेळा बटण दाबलं. दहा वेळा फिटरला दोष सापडला. अकराव्या वेळी यंत्र पार खोललं, तरी काही निघेना. कार्मेन मात्र आपल्या म्हणण्यावरून ढिम्म हलेना. शेवटी फिटरने यंत्राखालची फरशी तपासली, तर यंत्राला धरून ठेवणारा, जमिनीत गाडलेला बोल्ट आतून चिरलेला.

विनिताने त्याचा फोटो टीमला दाखवला. कॉलवरच्या सहाही इंजिनीअरांनी तो मोठा करून पाहिला. मग निनाद हळू आवाजात म्हणाला,

"विनिता, तिला विचार ना, आणखी काय काय ऐकू येतं?"