तीन नंबरचं कोर्ट

"न्यायाच्या दारी कुणाची आवडनिवड चालत नाही, बाई. म्हणून तर ही इमारत उभी आहे," मोठे वकील घनगंभीर आवाजात म्हणाले आणि त्यांनी त्याच दाव्याची पाचवी प्रत खिडकीतून आत सरकवली.

आधीच्या चार सकाळपासून येऊन गेल्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी चष्मा पुसला. दावे दाखल करून घ्यायच्या या खिडकीत त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. काम सोपं. इमारतीत न्यायाधीश पाच. दावा आला की पक्षकारासमोर डब्यातून एक लाकडी सोंगटी काढायची आणि तिच्यावर जो आकडा असेल त्या कोर्टात दावा धाडायचा. साहेब कुणी निवडायचा नाही. तो नशिबानं मिळतो, सासूसारखा.

तीन नंबरचे साहेब तसे भले गृहस्थ, फक्त मनाईहुकूम सकाळच्या चहाआधी देऊन मोकळे होत. समोरच्याचं म्हणणं ऐकायचं ते चहानंतर. मोठे वकील ज्याच्या वतीनं आले होते त्या रंगाच्या कारखान्याला नेमके तेच हवे होते. नाल्यात घाण पाणी सोडायला नगरपालिकेनं केलेली बंदी मनाईहुकूम आणून रोखायची होती, आणि नाल्याकाठच्या लोकांना बोलू द्यायची कारखान्याला काही घाई नव्हती.

म्हणून पहिला दावा कारखान्याचा आला. सोंगटी निघाली एक. मग मालकांचा आला, पाच. मालकीणबाईंचा, दोन. मेहुण्यांचा, पुन्हा पाच. आणि आता हा कारखान्याच्या वॉचमनचा. वॉचमन स्वतः टोपी हातात धरून वकिलांच्या मागे उभा होता.

बाईंनी डब्यात हात घातला. तीन.

"बघा, दैव म्हणतात ते हे," मोठे वकील म्हणाले. "आता आधीचे चार आम्ही मागे घेतो. पक्षकारांचं मन बदललं."

"चौघांचं एकदम?"

"एकत्र कुटुंब आहे."

खिडकीवर दावा वाचायची पद्धत नाही. पानं मोजायची, शिक्का मारायचा. पण बाई तिसऱ्या पानावर अडकल्या. नावं बदलणाऱ्यानं पहिल्या पानावरचं नाव बदललं होतं आणि मग तो बहुधा जेवायला गेला होता.

"दादा," त्यांनी वॉचमनला विचारलं, "इथं लिहिलंय, तुमचे दोन कारखाने आहेत, चौदा ट्रक आहेत आणि तीनशे कामगार. खरं का?"

"मला नुसती सही कर म्हणाले, ताई. माझी ड्युटी दोनला लागते."

"चौदा ट्रक असून ड्युटी करता?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. रांग हसली. मोठे वकील हसले नाहीत.

नियमांचं पुस्तक बाईंना पाठ होतं. एकाच वादाचे अनेक दावे आले, तर सगळे पहिल्या सोंगटीच्या साहेबांकडे. त्यांनी पाचही दावे एका दोरीत बांधले, वर ठसठशीत 'एक' लिहिला, रजिस्टरात शाईनं नोंद केली आणि शिपायाबरोबर गठ्ठा एक नंबरला धाडून दिला.

"मागे घ्यायचेत ना? त्या साहेबांसमोर घ्या. मन का बदललं ते त्यांना सांगा. त्यांना ऐकायची सवय आहे."

अर्ध्या तासात अधीक्षकांचं बोलावणं आलं. अधीक्षक वाईट नव्हते. ज्याचा फोन शेवटी येई त्याचं त्यांना पटत असे, एवढंच.

"बाई, दावा तीनला द्या. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. जातंय ते नाल्याकाठच्यांचं. त्यांना साहेब निवडायला कुणी बोलावलं होतं?"

"गठ्ठा परत मागवा. नोंद खोडा."

"लेखी द्या, साहेब. लगेच खोडते."

अधीक्षकांनी पेनाकडे पाहिलं. त्यात शाई भरपूर होती, नेमकी त्या वाक्यापुरती नव्हती.

"वर तिसऱ्या मजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीला माणूस नाही," ते छताकडे बघत म्हणाले. "लिफ्टही नाही. आणि तुमचा तो गुडघा..."

"गुडघा माझा आहे, त्याचं मी बघते. नोंद कोर्टाची आहे."

जेवणाच्या सुटीत त्यांनी नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं.

"आठच महिने राहिले होते गं," तो म्हणाला. "डोळे मिटून काढता आले नसते?"

"एकोणतीस वर्षं सोंगट्या डोळे मिटूनच काढतेय. कागद बघताना उघडे ठेवावे लागतात."

तो म्हणाला, "संध्याकाळी शेकायला पाणी तापवून ठेवतो."

चारच्या सुमारास शिपाई बातमी घेऊन आला. एक नंबरच्या साहेबांनी दावे मागे घेऊ दिले नव्हते. नाल्याकाठच्या लोकांना नोटीस निघाली होती आणि पुढच्या तारखेला वॉचमनच्या चौदा ट्रकांची कागदपत्रं मोठ्या वकिलांनी जातीनं आणायची होती.

साडेचारला बाईंच्या बदलीचा हुकूम आला. हा मात्र लेखी होता. कारण, प्रशासकीय सोय. अधीक्षक स्वतःच घेऊन आले. बाईंनी तो दोनदा वाचला, सही केली, तारीख घातली, वेळही घातली.

"अजून काही बिघडलेलं नाही," अधीक्षक आवाज खाली आणून म्हणाले. "काही विनंती असेल तर बोला. मी वर शब्द टाकतो."

खिडकीबाहेरची रांग कान टवकारून उभी राहिली. बाई टेबलाला हात देऊन उठल्या आणि ताठ उभ्या राहिल्या.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या बाथरूमला आतून कडी नाही. तेवढी बसवून द्या."