जंतूंचा बंदोबस्त

चुडाव्याच्या अलीकडे डिझेलचा टँकर उलटला आणि त्यातलं बरंचसं आमच्या गावच्या विहिरीत उतरलं. पेपरात ‘जीवितहानी नाही’ असं आलं. त्या दिवसापासून प्यायचं पाणीही टँकरनंच यायला लागलं. माझ्या चौदा महिन्यांच्या शिवकन्याला त्या पाण्यानं दोनदा जुलाब झाले, पण तेवढ्यानं बातमी बदलत नसते.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. आहे. सासरी त्याचा उपयोग एवढाच, की दही लागलं नाही तर मला विचारतात.

विहीर साफ करायला राजेश्री मॅडम आल्या. समुद्रात जहाजाचं तेल सांडलं की त्याच समुद्रातले, तेल खाणारे जंतू वाढवून सोडतात, हे त्यांचं काम. इथं समुद्रातले टिकणार नाहीत, गावचेच लागतील, म्हणून त्यांनी डिझेल मुरलेल्या जागची माती नेली. त्यातले जंतू वाढवून महिन्यानं दोन ड्रम भरून आणले. सरपंच भगवानराव हिरमुसले. समुद्रातून मागवले असते तर उद्घाटन तरी करता आलं असतं. गावातल्यांना हार कोण घालणार?

वरचं तेल कापसानं टिपलं, मग ड्रम विहिरीत ओतले. मॅडम गेल्या.

आमचे चुलत दीर बजरंग भाऊजी पंचायतीचे जलसुरक्षक. विहिरीत आठवड्याला जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, हे त्यांचं काम. अकरा वर्षं ते त्यांनी फक्त वहीत केलं. त्या संध्याकाळी मात्र मी ओट्यावरून बघते, तर भाऊजी डबा घेऊन विहिरीवर. लेकीला काखेत मारून धावले. तोवर डबा रिकामा.

“भाऊजी, हे काय केलं?”

“मॅडम जंतू सोडून गेल्यात ना वैनी? मंग मारायला नको का?”

घरी सांगितलं, तर सासूबाई पार्वतीबाई म्हणाल्या, भाऊबंदकीत आग लावू नको, पोरीकडं बघ. पोरीकडंच तर बघत होते. तरी गप्प बसले. शिकलेल्या सुनेला तेवढं जमावंच लागतं.

पंधरा दिवसांनी मॅडम तपासायला आल्या. पाण्यावर तवंग तसाच. भगवानराव म्हणाले, आपल्याकडचे जंतूच आळशी. सगळे हसले. मॅडम पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पाण्यात काही टाकलं का? भाऊजी चपलेकडं बघत होते. सासूबाई माझ्याकडं.

कडेवर शिवकन्या. आठवड्यात तिचं वजन पुन्हा उतरलेलं.

“त्याच संध्याकाळी टीसीएल टाकलं, मॅडम. डबाभर. मी बघितलंय.”

मॅडम रागावल्या नाहीत. खाली बसून पुन्हा माती भरायला लागल्या. अजून महिना लागेल म्हणाल्या. मी त्याच दिवशी बोलले असते, तर त्यातले पंधरा दिवस वाचले असते. हे त्या बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पाण्याच्या रांगेत भाऊजींची बायको, मनिषा, माझ्या पुढं होती. हंडा सरकवत म्हणाली,

“जाऊबाई, माणसं गेली तर गेली. जंतू तर ऱ्हायले ना तुमच्या बाजूनं?”

“अजून न्हाई,” मी म्हणाले. “महिना लागंल.”