रेक्सच्या वाटीतली ती एक पळी

एक सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? जो सगळ्यांत मोठ्याने बोलतो त्याच्यावर, की जो सगळ्यांत जवळ होता त्याच्यावर? उत्तराची घाई नाही. बसा. माल आधी बघावा, भाव नंतर करावा.

मी काउंटर बोलतोय. कोराडी रोडवरच्या ‘गारवा’ बारचं सागवानी काउंटर, वयाने तुमच्या वडिलांएवढा. या क्षणी मयुरा नावाच्या एका मुलीने माझ्या छातीवर तिपाई ठेवून तिच्यावर मोबाईल लावलाय. पलीकडे आमचे मालक देवाजी पराते दोन्ही तळहात माझ्यावर टेकून उभे आहेत. बाहेर थंडी आहे, तरी तळहात ओले आहेत. त्यांच्या शेजारी गोपिकाबाई उभी आहे. आठ वर्षांनी ती या दारातून आत आली. देवाजी आता काय बोलतात, त्यावर या बाईचं नाव राहायचं की कायमचं जायचं ते ठरणार आहे.

पण कापडाचा ताका मधूनच उलगडू नये. टोकापासून सुरू करतो.

माझा जन्म खाप्याचा. कन्हान नदीच्या काठी लहानू मिस्त्रीने मला घडवलं, ते नागपुरातल्या महाल पेठेतल्या नानाजींच्या कापडदुकानासाठी. माझ्या कडेला त्याने एक पितळी पट्टी ठोकली, बरोबर एक मीटरची. लुगडी, मांजरपाट, परकराचं कापड, काय काय त्या पट्टीवरून सरकलं! शाळा मी पाहिली नाही. जे शिकलो ते या पट्टीवर.

एकदा नानाजींचा भाचा गल्ल्याजवळ होता. उमरेडकडची एक बाई पोरीच्या लग्नाचं कापड घ्यायला आलेली. भाच्याने कापड ओढून धरलं, ताणलं आणि मोजलं. मीटरमागे चार बोटं वाचली म्हणून खूश. नानाजी गादीवरून उठले, त्याच्या हातून कापड घेतलं, सैल सोडून पुन्हा मोजलं आणि वर एक वीत जास्त फाडून दिलं. बाई गेल्यावर म्हणाले, “ओढून मोजलेलं कापड पहिल्या धुण्यात खरं बोलते, बाप्पा. मंग ते बाई पुन्हा आपल्या पायरीवर चढन का?”

हे वाक्य मी सागाच्या गाठीसारखं अंगात ठेवलं.

पुढे रेडिमेडचे दिवस आले. नानाजी गेले, दुकान बसलं, आणि काही वर्षं मी पोत्यांखाली अंधारात पडून होतो. मग देवाजींनी मला विकत घेतलं. महालातून निघून कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर, बाटल्यांच्या संगतीत! पहिले काही दिवस लाज वाटली. खोटं कशाला सांगू? पण धंदा हा धंदा असतो, आणि गिऱ्हाईक सगळीकडे माणूसच असतं. कापडदुकानात माणसं बोटांनी बोलायची, इथं कोपरांनी बोलतात. राख उडवत पॉवर हाउसमधून आलेला माणूस कोपर हळूच टेकवतो. उधारी मागणारा एकच कोपर टेकवतो, पळायला सोपं म्हणून. आणि जो खोटं बोलत असतो ना, तो बोलता बोलता ग्लासाखालच्या पाण्यात बोट बुडवून माझ्यावर रेघा ओढत बसतो. इतक्या वर्षांत ही पारख चुकलेली नाही. एवढं लक्षात ठेवा.

गारवा चालायचा तो गोपिकाबाईच्या हातावर. सावजी मटण, पाट्यावर वाटलेला मसाला. दारू दुसरीकडेही मिळते, पण रस्सा इथलाच, असं लोक म्हणायचे. तिची वाटी किचनच्या खिडकीतून यायची, बाई मात्र बाहेर काउंटरवर कधी आली नाही. आणि आमच्याकडे एक रीत होती, नीट ऐका. रस्सा किचनमधून यायचा, पण तर्रीचं भगुनं माझ्यावर, देवाजींच्या हाताशी असायचं. तो लाल जहर थर कोणाच्या वाटीत किती घालायचा, ते मालक ठरवायचे. ज्याला एक पळी जास्त, त्याला मान जास्त. पाहुण्याला फिका रस्सा देणं म्हणजे पाट मांडून उठवण्यासारखं.

अशात एका दुपारी तो आला. रेक्स अल्मेडा. संध्याकाळी शहरात मैदानावर त्याच्या गाण्याचा कार्यक्रम होता, तिकिटं केव्हाच संपलेली. त्याची गाडी चालवणारा अंकुश आमच्याच वस्तीतला. त्याने वाटेत सांगितलं होतं, “सर, होटल का पनीर छोडो. असली नागपूर खिलाता हूं.”

लांब केस बांधलेले, कानात रिंग, बोलणं अगदी मऊ. दुकानात चारच गिऱ्हाइकं होती आणि त्यांतल्या एकानेही त्याला ओळखलं नाही. तो माझ्यावर वाकला आणि जेवण येईपर्यंत त्याने दोन बोटांनी माझ्या लाकडावर ताल धरला, मधेच पितळी पट्टीवर टिचकी. माझ्यातून असा आवाज निघतो, हे मला त्या दिवशी कळलं.

खिडकीतून गोपिकाबाईने विचारलं, “कोन आहे गा, अंकुश?”

“गाणारा आहे, बाई. लय मोठा. संध्याकाळी प्रोग्राम हाय त्याचा.”

“गाणारा? मंग फिका देते. गळ्याले जपा लागते.”

वाटी आली. देवाजींनी ती पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे काय वं? पाव्हण्याले फिका? आजारी हाय का तो?”

“भाऊ, गाणाऱ्याचा गळा आहे. नका टाकू तर्री.”

“माह्या दुकानातून एवढा मोठा पाव्हणा फिकं खाऊन गेला, तर कोराडीपर्यंत लोक हासतील मले!”

आणि त्यांनी पळी भरली. काठोकाठ. हात जरा हलला, तर्री पट्टीच्या शेजारी माझ्यावर सांडली, उरलेली वाटीत गेली. द्वेषाने नाही हो. प्रेमाने. आमच्या गावातली चूकही अशी जेवायला वाढलेली असते.

रेक्सने पोळीचा पहिला घास बुडवला. डोळ्यांत पाणी आलं, तरी हसला. “क्या बात है!” दुसरा घास. तिसऱ्याला ठसका लागला. असा लागला की खुर्ची मागे पडली. खोकला थांबेना. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा ताठ. अंकुश पाठीवर थापा मारतोय, देवाजी पाणी ओततायत, “काही नाही होत, काही नाही होत” म्हणतायत. गोपिकाबाई त्या एका दिवशी धावत बाहेर आली, गरम दुधात तूप घालून. तिने स्वतः पेला धरला. खोकला बसला. रेक्सने तोंड उघडलं, काही म्हणायला. नुसती हवा निघाली.

मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

त्या संध्याकाळी मैदानावर तो उभा राहिला म्हणे. दोन गाणी ओढली. तिसऱ्यात, जिथं लोक त्याच्या उंच स्वराची वाट बघत होते, तिथं आवाज फाटला आणि बंद पडला. खुर्च्या उडाल्या. सकाळी आयोजकांची माणसं गारव्यात हजर. “काय खायला घातलं त्याला? कोणी?”

देवाजी माझ्यामागे उभे होते. ग्लासाचं पाणी सांडलेलं होतं. त्यांचं बोट त्यात फिरायला लागलं.

“स्वयंपाकीणबाईनं तिखट जास्त टाकलं, साहेब. मी तं नको म्हणून राहिलो होतो.”

बोट माझ्यावर रेघ ओढत होतं आणि मला तोंड नव्हतं. गोपिकाबाई खिडकीत होती. तिने सगळं ऐकलं, विस्तव विझवला, वरवंटा फडक्यात गुंडाळला आणि मागच्या दाराने गेली.

आता बघा व्यापाराची गंमत. वर्षभराने, आवाज परत आल्यावर, रेक्सने कुठल्याशा मुलाखतीत हसून सांगितलं, “नागपूरने माझा आवाज घेतला, पण तसं जेवण पुन्हा मिळालं नाही.” झालं! गारव्याचं नशीब उघडलं. भिंतीवर त्याचा फोटो लागला, यादीत ‘रेक्स रस्सा’ आला. माझ्यावरचा डाग पुसायचा नाही असा हुकूम निघाला. आणि गोष्ट ताणायला लागली. त्या दिवशीची चार गिऱ्हाइकं चाळीस झाली. एका वाटीच्या सहा वाट्या झाल्या. अंकुश तर शपथेवर सांगतो, “माह्या खांद्यावर डोकं ठेवून रडला गा तो!” प्रत्येक जण कापड ओढत होता. सगळ्यांच्या गोष्टीत एकच धागा कायम राहिला, तिखट हाताची स्वयंपाकीण, जिने घोळ केला.

गोपिकाबाईला पॉवर हाउसच्या कॉलनीतल्या लग्नांची कामं मिळायची, ती बंद झाली. “नको बाप्पा, नवरदेवाचा गळा बसन,” असं म्हणून लोक हसायचे. हसण्याचा दाम हसणाऱ्याला मोजावा लागत नाही. ती खाप्याला गेली. एका खानावळीत पोळ्या लाटते असं कानावर आलं. ज्या गावात मी जन्मलो, त्या गावात ती तोंड लपवून राहिली.

आणि आता रेक्स पुन्हा येतोय. कार्यक्रमाआधी मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर वस्तीच्या आठवणींची फिल्म दाखवणार आहेत. मयुरा त्यासाठी आली आहे. तिनेच निरोप आणला की रेक्सला त्याच बाईंच्या हातचं जेवायचंय. म्हणून देवाजींनी गोपिकाबाईला फोन केला. माझ्यावर कोपर टेकूनच केला, मी ऐकलं. “ये तू. फक्त हास. बोलणं मी करतो.”

ती आली. हसली मात्र नाही.

आत्ता अंकुशचं बोलून झालंय, खांदा आणि रडणं सगळं. मयुरा गोपिकाबाईकडे वळली. “म्हणजे मावशी, तुम्हीच त्या? ज्यांनी तिखट जास्त घातलं?”

गोपिकाबाईने पदर सारखा केला. “मालक सांगतीन.”

सगळे देवाजींकडे बघायला लागले. ते हसले, मोठ्याने. “आता जुनी गोष्ट आहे, पोरी. हे बघ, हा डाग! रेक्सच्या वाटीची तर्री. आठ वर्षं जपला.”

मयुरा वाकली. तिचं बोट माझ्या डागावरून फिरलं, पितळी पट्टीला लागलं. सहज विचारावं तसं तिने विचारलं, “पण काका, मावशी तर किचनमध्ये होत्या ना? मग तर्री इथं बाहेर कशी सांडली?”

पंख्याचा आवाज. तोच, त्या दिवशीचा.

या दुकानातल्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला माहीत आहे की तर्रीचं भगुनं कुठं असायचं. अंकुश छताकडे बघायला लागला. कोणीतरी ग्लास खाली ठेवला तो इतका हळू, की काच फुटेल अशी भीती असावी. मोबाईलचा लाल ठिपका चालू आहे. देवाजींच्या ग्लासाखाली पाणी साचलंय. त्यांचं बोट निघालं. पाण्यात टेकलं.

मी सागाचा आहे, पण सांगतो, मी आक्रसलो.

बोटाने एक रेघ ओढली. दुसरी अर्धी ओढली. मग ते डागापाशी येऊन थांबलं. देवाजींनी हात उचलला आणि सदऱ्याला पुसला.

“पळी माह्या हातात होती,” ते म्हणाले. आवाज रेक्ससारखा बसलेला. “तर्री मी टाकली. बाईनं नाही.”

“भाऊ,” गोपिकाबाई म्हणाली, “अर्धं काहून सांगता? मी काय म्हटलं होतं, तेही सांगा.”

“गाणाऱ्याचा गळा आहे, नका टाकू... असं म्हटलं होतं बाईनं.”

“मोबाईलकडं पाहून सांगा.”

त्यांनी मोबाईलकडे बघून पुन्हा सांगितलं. अंकुश पुटपुटला, “मीबी ऐकलं होतं तवा.” गोपिकाबाई त्याच्याकडे वळली. “ऐकलं होतं? मंग आठ वर्षं तोंडात काय होतं, तंबाखूचा खर्रा?” कोपऱ्यातून एक जण हसला. या वेळी हसणं तिच्यावर नव्हतं.

मयुराने हळूच विचारलं, “मावशी, मग रेक्स सरांसाठी जेवण करणार ना?”

“करीन. पण फिकं. अन् तर्रीचं भगुनं त्या दिवशी माह्यापाशी राहीन.”

देवाजींनी भगुन्यातली पळी काढली, फडक्याने स्वच्छ पुसली आणि माझ्या पितळी पट्टीवरून सरकवत तिच्याकडे नेली. नानाजींच्या हातून कापड सरकायचं, तशी. गोपिकाबाईने लगेच उचलली नाही. थोडा वेळ पळी माझ्यावरच पडून राहिली. मग तिने घेतली.

माझं म्हणाल, तर आता माझेही दिवस भरत आलेत. गारव्याचं नवं रूप होणार आहे, माझ्या जागी ग्रॅनाईट बसणार आहे. ग्रॅनाईटवर डाग पडत नाही म्हणे. पडेल कसा, त्याच्यात काही मुरतच नाही. मला कोण नेईल, कुठं ठेवील, ठाऊक नाही. पट्टी तेवढी काढू नका म्हणजे झालं.

तुम्ही आता घरी जाल, चार जणांत बसाल, रेक्सची गोष्ट सांगाल. खुशाल सांगा. पण कापड सैल सोडून मोजा. वाटी एकच होती. पळी देवाजींच्या हातात होती, आणि ‘नका टाकू’ म्हणणारा आवाज गोपिकाबाईचा होता. हिशोब एवढाच आहे, बाप्पा. तो खरा ठेवा.