खोडलेली दोन वाक्यं

बारावीला 'तत्त्वज्ञान आणि धर्म' हा विषय घेतलेली मुलं वर्गात इनमीन सात. बाकीच्यांनी "त्याने पोट भरतं का?" म्हणत नाकं मुरडली होती. त्या सातांतल्या या मुलीने मात्र तो हट्टाने घेतला आणि पहिल्या महिन्यातच घरातल्या प्रत्येक वाक्याला "कशावरून?" विचारायला लागली. बाबा तिला वकीलबाई म्हणू लागले. आत्याने तर कानाला खडाच लावला, की या पोरीशी फोनवर वाद म्हणून घालायचा नाही.

वर्षाच्या शेवटच्या निबंधाचा विषय होता, 'मेल्यावर माणसाचं काही उरतं का?' बाईंनी बजावलं होतं, "कुठल्या धर्मात काय सांगितलंय ते मला पाठ आहे. तुम्हाला काय वाटतं आणि का वाटतं, ते लिहा." तिने आठ पानं लिहिली. सगळ्यांच्या बाजू प्रामाणिकपणे मांडल्या आणि शेवटी लिहिलं, काही उरत नाही. लिहिताना ती कुठे अडली नाही. अडली ती नंतर, शाळेने निबंधावर लावायला दिलेल्या छापील कागदावरची चौकट पाहून. 'पालकांनी वाचून सही करावी.'

पालक म्हणजे बाबा. आणि बाबा म्हणजे छापखान्यातले मुद्रितशोधक. मजकूर छापण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा हा माणूस लाल पेन घेऊन वाचायचा. न वाचता सही करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, पण पेपरातल्या चार ओळींच्या बातमीत तिच्या नावातली वेलांटी चुकलेली दिसली आणि ते ढसाढसा रडले. अजूनही कामावर निघताना ते रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून "येतो गं" म्हणायचे. अशा माणसाच्या हातात 'काही उरत नाही' लिहिलेला कागद कोणत्या तोंडाने द्यायचा? तीन दिवस निबंध दप्तरातच राहिला. मध्ये एकदा तिने दुसरा शेवट लिहून पाहिला, आत्मा अमर आहे वगैरे. वाचून तिची तिलाच लाज वाटली. तो तिने टराटरा फाडून टाकला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने धीर करून कागद पुढे केले. "बाबा, सही हवीय. वाचायलाच पाहिजे असं काही नाही."

"हो का?" म्हणत त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

ती भांडी घासायला गेली. एकच पातेलं तिने तीनदा घासलं.

"वकीलबाई, इकडे या जरा."

ती हात पुसत आली. पानापानावर लाल खुणा होत्या. कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे सुटलेला अनुस्वार. "तत्त्वज्ञानातला एक त खाल्लास!" ते म्हणाले. "अगं, विषयाचं नाव तरी धड लिही!" शेवटच्या पानावर मात्र एकच खूण होती. तिने काट मारलेल्या दोन वाक्यांखाली लाल ठिपक्यांची ओळ.

"हे काय?"

"आमच्याकडची खूण आहे. चुकून खोडलंय, होतं तसं ठेवा, असा अर्थ. का खोडलंस?"

ती वाक्यं अशी होती: 'आई दवाखान्यात जाताना "येते" म्हणाली होती. बाबा अजून रोज निघताना तिला "येतो" म्हणतात, आणि मी आतल्या खोलीत श्वास रोखून ती काही म्हणते का ते ऐकते.'

"तो मुद्दा होत नाही," ती पुटपुटली. "त्याने काहीच सिद्ध होत नाही. उलट माझंच म्हणणं लंगडं पडतं."

"खोटं आहे का?"

"नाही."

"मग राहू दे."

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि शेवट? वाचून वाईट वाटलं तुम्हाला?"

"वाटलं की. दोनदा वाचला. मग आणखी एकदा वाचला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "चूक सापडली नाही गं."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पेपरातल्या त्या बातमीनंतर दोघांपैकी कुणी दुसऱ्यासमोर असं रडलं नव्हतं. एकाला दुसऱ्याची काळजी. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू ऐकत असतेस, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, हा वेडेपणा माझा एकट्याचाच."

संध्याकाळपर्यंत तिने सगळं नव्याने उतरवून काढलं, ती दोन वाक्यंही. वर शाळेचा छापील कागद लावायला घेतला आणि सहीच्या चौकटीकडे तिचं लक्ष गेलं. बाबांच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं, 'वाचले. छापण्यास हरकत नाही.' खाली सही आणि तारीख.

"बाबा! हे काय लिहिलंत? शाळेचा कागद आहे हा!"

बाबांनी जीभ चावली. "अरेच्चा! हाताची सवय गं, छापखान्यात रोज हेच लिहितो, लक्षातच आलं नाही. आण इकडे. उद्या बाईंकडून कोरा मागून घे."

"मुळीच नाही," ती म्हणाली आणि त्यांनी हिसकावून घेऊ नये म्हणून कागद दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून उभी राहिली.