नव्वद भोकांची टोपी

वहिनींच्या हातची टोपी कधी परत आली नव्हती. पन्नास वर्षांत एकदाही नाही. ही गोष्ट त्या स्वतःहून कुणाला सांगत नसत. पण दुसरं कुणी सांगू लागलं तर मध्ये बोलतही नसत, शेवटपर्यंत सांगू देत.

टोपी म्हणजे डोक्यावरची नव्हे. जुन्या रॉकेलच्या हीटरमध्ये वात गोल असते, बांगडीसारखी, आणि तिच्या मधोमध एक नळी उभी असते. त्या नळीच्या तोंडावर पितळेची एवढीशी जाळीदार टोपी बसते. तीस-तीस भोकांच्या तीन ओळी, एकूण नव्वद भोकं. खालून आलेली हवा त्यांतून सगळीकडे सारखी पसरते आणि ज्योत निळी, शांत जळते. टोपी जळून विरली की ज्योत पिवळी पडते, खोलीत वास कोंडतो, छत काळं होतं. असले हीटर बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडले. थंडीला मात्र त्याची खबर नव्हती, ती वेळेवर येई. मग लोक आपापले हीटर उचलून चढावरच्या त्या घरी येत. पुढच्या खोलीत खिडकीखाली वहिनींचं टेबल होतं आणि दाराजवळ वन्संचं शिवणयंत्र.

वन्सं म्हणजे वहिनींची नणंद. दोघी एकाच वयाच्या, त्र्याहत्तरच्या. वन्संनी लग्न केलं नव्हतं, वहिनींच्या यजमानांना जाऊन बारा वर्षं झाली होती, लेक परगावी. घरात दोघीच. टोपी वहिनींनी करायची आणि वात वन्संनी शिवायची, ही वाटणी मामंजींनी, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांनी, करून दिलेली. मामंजी पत्र्याचे कारागीर. मुलगा पोस्टात चिकटला आणि पत्र्याकडे ढुंकून बघेना. एके दिवशी नवी सून फळीवर घालायला कागद कापत होती, रेघ न मारता, सरळ. मामंजी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, उद्यापासून माझ्याजवळ बस. खरं तर त्या जागेवर त्यांच्या मुलीचा डोळा होता. तिला त्यांनी सांगितलं, तुझा हात पत्र्याला जड आहे, तू वाती शिव. हे वाक्य वन्संनी पन्नास वर्षं जपून ठेवलं होतं. महिन्यातून एकदा तरी त्या ते बाहेर काढीत, हवा दाखवीत आणि परत ठेवून देत.

मामंजींनी सुनेकडून बारा टोप्या करवून घेतल्या आणि पहिल्या अकरा तिच्यादेखत हातोडीने चेपल्या. बाराव्या टोपीच्या वेळी सुनेचा हात घसरला आणि भोकं पाडायच्या टोच्याचा एक ठिपका शेवटच्या ओळीखाली उमटला. तिने कानस मारून बघितली, पण ठिपका जाईना. मामंजींनी ती टोपी खिडकीशी नेली, उजेडात फिरवली, खिशात टाकली आणि म्हणाले, चहा ठेव. बस्स. ती टोपी पुन्हा दिसली नाही. भंगारात गेली असणार, असं वहिनींनी तेव्हाच धरून चाललं. मामंजी पुढे नऊ वर्षं जगले, पण ‘बरी झालीय’ एवढंही त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

तर त्या हिवाळ्यात घड्याळजी आले. निवृत्त झालेले, पण भिंग अजून खिशात. जुने हीटर जपणाऱ्यांची त्यांची एक मंडळी होती. त्यांतल्या बावीस जणांना टोप्या हव्या होत्या. आधी एक नमुना म्हणून त्यांनी स्वतःच्या हीटरसाठी टोपी आणि वात करून नेली. हीटर नवाकोरा, कुणीतरी माळ्यावर खोक्यात ठेवून विसरून गेलेला. फक्त टोपी तेवढी नव्हती. चार दिवसांनी ते हीटर घेऊन परत आले. टेबलावर ठेवून त्यांनी तो पेटवला. ज्योत तीन बाजूंनी निळी आणि चौथ्या बाजूने पिवळी, जीभ काढल्यासारखी.

“गुरुवारी आमची मंडळी जमणार आहे,” ते म्हणाले. “तोवर बघा. नाही जमलं तरी हरकत नाही, वहिनी. इतक्या जुन्या वस्तूचं व्हायचंच असं.”

ही ‘हरकत नाही’ वहिनींच्या जिव्हारी लागली. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक टोपी परत आली म्हणजे बावीस टोप्या गेल्याच. पण खरी बोच ती नव्हती. पन्नास वर्षांचं आपलं काम नीट होतं की लोकांनी मुकाट्याने चालवून घेतलं होतं, हा प्रश्न आता टेबलावर येऊन बसला होता.

घड्याळजी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, वात जरा तिरकी बसली असेल. झालं. वन्संनी वात काढली, पट्टी लावून चारही अंगांनी मोजली, पट्टी वहिनींसमोर ठेवली आणि बोलणं बंद केलं. वहिनींशी बंद, भिंतीशी चालू. कुणाला चहा हवा असेल तर किटलीत आहे, असं त्या भिंतीला सांगत. काही लोकांना दुसऱ्याच्या शिवणीत खोट काढायची सवय असते, हेही भिंतीला. भिंत बिचारी ऐकून घेई, आणि वहिनीही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी नवी वात घातली. पिवळी जीभ तिथेच. मग त्यांनी हीटर विझवला, गार होऊ दिला, टोपी पाव फेरा फिरवून बसवली आणि पुन्हा पेटवला. पिवळी जीभ पाव फेरा फिरली होती. वातीचा दोष असता तर ती जागच्या जागी राहिली असती.  वहिनी मोठ्याने म्हणाल्या, “वन्सं, वात तुमची सरळ आहे. खोट माझ्या टोपीत आहे.”

यंत्र थांबलं. वन्संनी भिंतीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. “टोपी मोजलीस का?” एवढंच विचारलं. अबोला सुटला.

टोपी सैल होती. बोटाने हलवली तर नळीवर किंचित डुलत होती आणि एका बाजूला कलत होती. आजवरच्या टोप्या कशा घट्ट बसल्या मग? वहिनींनी कपाटातला एक जुना, वापरलेला हीटर काढला आणि त्याच्या नळीवरून नख फिरवलं. नखाखाली काळं, कडक कवच आलं. वर्षानुवर्षांच्या काजळीने नळ्या जाड झालेल्या. सैल टोपीला ती काजळीच धरून ठेवत होती. घड्याळजींची नळी मात्र आरशासारखी स्वच्छ. आपली चूक आजवर लोकांच्या घाणीने झाकली, हे कळल्यावर वहिनींना हसावं की रडावं ते समजेना.

पण चूक आली कुठून? टोपीचा पत्रा फर्म्यावरून कापला जाई. फर्मा म्हणजे मापाचा टिनाचा तुकडा. तो पितळेवर ठेवायचा, कडेने टोकदार खिळ्याने रेघ मारायची आणि कापायचं. मामंजींचा फर्मा कडेने झिजल्यावर वहिनींनी त्यावरून दुसरा केला होता, पुढे दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. तिसरा अजून कॅलेंडरमागे खिळ्याला लटकत होता. त्यांनी तो चौथ्यावर ठेवला आणि उजेडाकडे धरला. एका टोकाला चौथ्याची केसभर कड बाहेर चमकली.

मग सगळं उलगडलं. कापताना रेघ खायची, म्हणजे कात्री रेघेच्या आतून न्यायची, ही मामंजींची शिस्त. टोपी कापताना वहिनींनी ती कधी मोडली नव्हती. पण फर्मा ही जपायची वस्तू, तो लहान झाला तर घात होईल, या भीतीने फर्मा कापताना त्यांनी दर वेळी रेघ राखली होती, म्हणजे कात्री रेघेच्या बाहेरून नेली होती. तीन फर्मे, तीन रेघा. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

आता मूळ माप हवं होतं. नुसत्या नळीवरून ते नेमकं निघेना, पत्र्याची जाडी आणि बसण्यापुरती सूट तयार टोपीतच कळते. आणि मामंजींच्या वेळचा हीटर घरात एकच होता: वन्संच्या खोलीतला. त्याला वन्सं कुणाला हात लावू देत नसत. दिवसाला दोन तास जाळत, तेल स्वतः भरत, वात स्वतः बदलत, फडक्याने पुसून ठेवत. वहिनींनी तो आतून कधी पाहिलाच नव्हता.

“वन्सं, तुमचा हीटर उघडावा लागेल.”

वन्संनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हातात काही नसताना त्या दोरा ओवत असल्यासारखी बोटं हलवू लागल्या. “उघडावाच लागेल?”

“दुसरं माप कुठे आहे?”

वन्सं उठल्या. हीटर त्यांनी स्वतः उचलून आणला, वरची चिमणी काढली आणि टेबलापासून दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या. आत टोपी होती. काळसर पडलेली, पण एकही भोक फाटलेलं नाही. वहिनींनी ती नळीवरून उचलली. हलक्या हाताने उचलावी लागली, इतकी नेमकी बसली होती. हेच ते मूळ माप. मामंजींचंच काम, त्यांना वाटलं. एवढी सफाई दुसऱ्या कुणाची? त्या टोपी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवू लागल्या. शेवटच्या ओळीखाली त्यांचं बोट अडखळलं. ठिपका होता. त्याच्या भोवती कानशीचे चार ओरखडे.

ओरखडे त्यांच्याच हातचे होते, बाराव्या टोपीवरचे.

“बाबांनीच बसवली,” वन्सं मागून म्हणाल्या. “त्याच दिवशी. तू चहा ठेवायला आत गेलीस तेव्हा. मला म्हणाले, ही सुनेने केलीय, माझ्याहून सरस उतरलीय, तुझ्या खोलीत राहू दे. तिला इतक्यात सांगू नकोस, डोक्यात हवा जाईल.”

“आणि पुढे?”

“पुढे ते विसरले असतील. मी नाही विसरले.” वन्सं टेबलाच्या कडेवरची नसलेली धूळ झटकत होत्या. “आधी रागाने सांगितलं नाही. मला जड हाताची म्हणून बाजूला बसवायचं आणि तुझं कौतुकही मीच पोचवायचं? मग राग गेला आणि सांगायची लाज वाटू लागली. पण एक विचार कर वहिनी, दुसऱ्या कुणाची टोपी मी माझ्या खोलीत इतकी वर्षं ठेवून घेतली असती का?”

वहिनींना पुष्कळ बोलावंसं वाटलं. सासऱ्यांच्या तोंडचा एक शब्द ऐकण्यासाठी त्यांनी किती टोप्या कापल्या होत्या, आणि तो शब्द पलीकडच्या खोलीत रोज दोन तास निळा जळत होता.  पण शेवटी त्या कामाचंच बोलल्या. “माप कसं घेऊ? सांध्याची झाळ सोडवून पत्रा सरळ केला तर ही मोडेल. मी मोडणार नाही.”

“कशाला मोडतेस?” वन्संनी यंत्राच्या खणातून पक्क्या दोऱ्याचं रीळ काढलं. दोरा टोपीभोवती एकदाच फिरवला, ना ओढून ना सैल, जसा त्या वातीभोवती फिरवत, आणि दोन्ही टोकं मिळाली तिथे बारीक गाठ मारली. “हे घे. पत्र्याला माझा हात जड असेल, दोऱ्याला नाही.”

दोऱ्यावरून फर्मा झाला, पाचवा. या वेळी वहिनींनी रेघ पुरती खाल्ली, वर दोनदा कानस मारली. मग टोपी कापली, नव्वद भोकं पाडली, लाकडी ठोकळ्यावर वळवली, झाळली आणि घड्याळजींच्या हीटरवर बसवली. बसताना तिने हलकासा आवाज केला, डबीचं झाकण लागावं तसा. ज्योत चारी बाजूंनी निळी आली आणि तशीच राहिली. दोघी समोर हात शेकत बसल्या. शेकोटीला बसल्यासारख्या.

गुरुवारी घड्याळजी आले तेव्हा वहिनींनी आडपडदा ठेवला नाही. काजळी, रेघा, फर्मे, सगळं सांगितलं. आधी दिलेल्या टोप्याही केसभर मोठ्या आहेत, ज्याला नळी साफ करायची असेल त्याने येऊन नवी टोपी घेऊन जावी, तसं मी प्रत्येकाला कळवणार आहे, हेही सांगितलं. चूक सांगताना त्यांची मान खाली गेली नाही. घड्याळजी मध्येच म्हणाले की स्वतःच्या चुकीचा इतका नेमका हिशेब लावणारं माणूस त्यांनी त्यांच्या धंद्यात पाहिलं नव्हतं, आणि त्यांचा धंदा काही साधासुधा नव्हता.

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि टोपी बघायला घेतली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. भोकं मोजत होते. एके जागी थांबले.

“नव्वद आहेत. पण शेवटच्या ओळीखाली हा एक ठिपका जास्त दिसतोय. चुकून पडला का?”

या वेळी तो मुद्दाम दिलाय, हे सांगायला वहिनींनी तोंड उघडलं होतं. पण दाराजवळून यंत्राच्या खडखडाटावर वन्संचा आवाज आला.

“चुकून कसा पडेल? तो आमच्या वहिनीचा शिक्का आहे. तिच्या पहिल्या टोपीपासून आहे. माझ्या वडिलांनी स्वतः पसंत केलेली टोपी ती, आणि त्यांची पसंती सहजासहजी मिळत नसे. तुमच्या बावीसही टोप्यांवर असेल तो. नसला तर परत आणा.”

वहिनी मध्ये बोलल्या नाहीत. त्यांनी शेवटपर्यंत सांगू दिलं.