उपरण्यावरची भाकर

"पक्ष काकाजींच्याच वाटेवर चालला आहे." एवढं एकच वाक्य माझ्या सासऱ्यांनी माईकवर म्हणायचं आणि जिल्हा परिषदेचं तिकीट मला मिळायचं, असा सौदा जिल्हाध्यक्ष अमृतरावांनी ठरवला होता. सौदा म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते त्याला ज्येष्ठांचा आशीर्वाद म्हणत.

दहा वर्षं मी डोंगरकड्याच्या आसपासची गावं न् तांडे पायाला भिंगरी लावून फिरले. कालपर्यंत आम्हाला शिव्या घालणारे तिघे पक्षात आले ते थेट पहिल्या रांगेत बसले. मी तिसऱ्या रांगेत. तिकीट मला हवं होतं, खोटं कशाला बोलू, फार हवं होतं.

सासरे माणिकराव ऐंशी पार केलेले. काकाजींनी हा पक्ष काढला तेव्हा त्यांच्यासोबत सायकलवर फिरलेल्यांपैकी गावात ते एकटेच उरलेत. काकाजी जुन्या वळणाचे, जानव्या-टिळ्याचे. पण त्यांचा एक दंडक होता. सभेला येणाऱ्यानं घरून भाकर आणायची. सगळ्या भाकरी काकाजींच्या उपरण्यावर पडायच्या, ते स्वतः त्या वरखाली करून मिसळायचे आणि हाताला येईल ती ज्यानं त्यानं खायची. कुणाची, ते विचारायचं नाही. पाटलाची भाकर तांड्याच्या हाती जायची, तांड्याची पाटलाच्या. "धर्माचं मग सांगतो," म्हणायचे, "आधी एकमेकांचं खा."

त्यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम कळमनुरीला मंगल कार्यालयात होता. पहाटेच सासऱ्यांनी मला चार भाकरी थापून बांधून द्यायला लावल्या. म्हातारपणाचा हट्ट, म्हणून मी दिल्या.

"मामा, तेवढं एक वाक्य बोला बरं."

"मला जे दिसंल ते बोलतो, पोरी."

स्टेजवर भिंतीएवढ्या फोटोत काकाजी हसत होते. जेवणाचे हॉल दोन, एक गळ्यात पास असलेल्यांचा आणि एक बाकीच्यांचा. माझ्या गळ्यात पास होता. माझ्यासोबत दहा वर्षं उन्हातान्हात फिरलेल्या तांड्यावरच्या भिकाबाईला मात्र पास नाही म्हणून स्वयंसेवकानं पुढच्या दारातूनच मागच्या दाराला पाठवलं.

"मंजुषाताई, काकाजीच्या घरात बी आता पास लागून राहिला का?" तिनं हसत विचारलं, म्हणून जास्तच झोंबलं. मी पास सावरत आत गेले.

सासरे माईकपाशी गेले. आधी फोटोकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"घरून भाकर कुणी कुणी आणली? हात वर करा."

भरल्या सभागृहात लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग पार मागून एक हात वर झाला. भिकाबाईचा.

"एक," सासरे म्हणाले. "मंग काकाजीचा पक्ष बी तेवढाच उरला."

ते खाली उतरले, खांद्यावरचं उपरणं स्टेजसमोर अंथरलं आणि चार भाकरी त्यावर ठेवल्या. अमृतराव लगबगीनं माझ्या कानाशी आले.

"ताई, म्हाताऱ्याला आवरा. न्हाई तर तिकिटाचं इसरा. यादी अजून माझ्याच खिशात हाय."

मला संताप आला. आधी सासऱ्यांचा, ऐन वेळी हे काय काढलं म्हणून! मग अमृतरावांचा. आणि मग स्वतःचाच, कारण त्या चार भाकरी पहाटे उठून मीच थापल्या होत्या आणि हात मात्र वर केला नव्हता.

गळ्यातला पास काढून मी अमृतरावांच्या हातात दिला.

"त्या भाकरी माझ्या हातच्या हायेत. हात वर करायला उशीर झाला, बस."

मी उपरण्यापाशी जाऊन बसले. भिकाबाई आली, तिनं आपलं फडकं सोडलं. मागून आणखी सात-आठ जण चुळबुळत आले. "आमी काही आणलं न्हाई," एक जण म्हणाला.

"आज बसा," सासरे म्हणाले. "फुडच्या टायमाला आणा."

त्यांनी भाकरी मोडल्या, वरखाली केल्या. माझ्या हाताला आलेला तुकडा जरा करपलेला होता. मी तो खाल्ला.

"तिकीट गेलं बरं का, ताई," अमृतराव डोक्यावर उभे राहून म्हणाले.

"गेलं तर गेलं. बसता का, अमृतराव? भाकर हाय. फकत कुणाची ते इचारायचं न्हाई."